कारंजं नको, ओटा ठेवा

केजहून एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारलंय: दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना काढायचा आहे. तो पर्यावरणाला जपणारा हवा आणि आत पाऊल टाकल्यावर पेशंटची भीती निम्मी व्हावी असाही हवा. लातूरच्या इंटिरिअरवाल्याने भिंतीवरची बाग, लाकडासारखं दिसणारं पॅनेलिंग, फॉल्स सीलिंग आणि तीन एसी असा आराखडा दिलाय. नजरेत दोन जागा आहेत. एक नव्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर, पुढून सगळी काच, तोंड पश्चिमेला. दुसरी स्टँडजवळच्या जुन्या वाड्याचा पुढचा भाग: दगडी भिंती, वर माळवद (लाकूड-मातीचं सपाट छत), रस्त्याच्या बाजूला ओटा. "कुठली घेऊ, आणि पैसे कशावर घालू?"

मी अंबाजोगाईला बावीस वर्षं दात बघतोय. आधी माझीच फजिती सांगतो. पहिला दवाखाना काढला तेव्हा वेटिंगमध्ये मी छोटं कारंजं बसवलं होतं. झुळझुळ आवाजाने माणूस शांत होतो असं कुठंतरी वाचलेलं. २०१३ च्या उन्हाळ्यात धारूरकडच्या तांड्यावरचे एक आजोबा आले. गाल सुजलेला, त्यावर उपरणं बांधलेलं. बाकावर बसून बराच वेळ ते त्या कारंज्याकडं बघत राहिले आणि मग कंपाउंडरला म्हणाले, "आमच्याकडं टँकर आठ दिसाला येतंय, आन् इथं पाणी नाचायलंय." आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. संध्याकाळी मी वायर काढून टाकली. त्या कारंज्याच्या कुंडीत आता पावसाळ्यात लोक ओल्या छत्र्या ठेवतात.

तर तुमच्या आराखड्यातली भिंतीवरची बाग पहिल्यांदा खोडा. ती रोज पाणी पिणार, मे महिन्यात वाळणार आणि शेवटी कोणीतरी तिथे प्लास्टिकची पानं लावणार. शिवाय उपचाराच्या खोलीत माती आणि ओल नकोच, बुरशी धरते. झाड लावायचंच तर बाहेर कडुनिंब लावा. दोन-तीन उन्हाळे जपलंत की पुढे ते तुम्हालाच सावली देईल.

आता जागा. मी वाडा घेईन, आणि त्याची कारणं पर्यावरणाची आहेत तितकीच गुडघ्यांची आहेत. कवळी बसवायला येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. जिना बघूनच ते "पुढच्या बाजारला येतो" म्हणतात आणि येत नाहीत. पश्चिमेची काच म्हणजे मार्चपासून जूनपर्यंत दुपारी तीन ते सहा तुम्ही काचेच्या भट्टीत बसणार. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. त्या काचेवर आधी फिल्म, मग पडदे, मग दिवसा ट्यूबलाइट, मग जास्त टनाचा एसी, असा खर्च एकातून एक फुटत जातो. वाड्याची दोन फुटी भिंत मात्र दुपारचं ऊन आत पोचेस्तोवर संध्याकाळ करते, आणि तोवर तुमची ओपीडी संपलेली असते. उभी असलेली इमारत वापरली की नवं सिमेंट, नव्या विटा, नवी वाळू लागत नाही हा फायदा तर मोजायलाही नको.

पण डोळे झाकून घेऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत अशाच दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हा सही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आत फिरवा. भिंतीला कुठे फुगवटा आलाय का, कोपरे एकमेकांत गुंफलेत का, भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर आरपार दगडांनी बांधलेत का, माळवदावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढवून वजन किती वाढवलंय, हे त्याला बघू द्या. तो नको म्हणाला तर नको. मग तिसरी जागा शोधा, पण तळमजल्याचीच.

माळवदाची आणखी एक खोड म्हणजे पांढरी माती झरते, वाळवी लागते. दाढ काढलेल्या जखमेवर छतातून माती पडून चालणार नाही. म्हणून मी ज्या फॉल्स सीलिंगला एरवी नाक मुरडलं असतं ते इथे खुर्च्यांच्या खोलीत घाला, साधं, सपाट, बिनफटीचं. वेटिंगमध्ये मात्र लाकडी तुळया उघड्याच राहू द्या. म्हातारी माणसं मान वर करून बघतात आणि "आमच्या घरालाबी असंच किलचन होतं" म्हणून बोलायला लागतात. एकदा पेशंट बोलता झाला की निम्मं काम झालंच.

खुर्ची मांडताना उत्तरेची खिडकी धरा. दाताचा रंग जुळवायला उत्तरेच्या उजेडासारखा उजेड नाही, ट्यूबखाली जुळवलेली कॅप अंगणात नेली की वेगळी दिसते. दिवसा दिवा कमी लागतो तो वेगळाच. पश्चिमेच्या बाजूला स्टोअर, संडास, ऑटोक्लेव्हची (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची) खोली टाका, म्हणजे ऊन त्यांच्या अंगावर जाईल. एसी एकच, उपचाराच्या खोलीत, २६ वर, सोबत पंखा. वेटिंगला कूलर चालेल, पण टाकी आठवड्याला रिकामी करून घासली पाहिजे आणि पाण्याचा हिशेबही धरला पाहिजे. उपचाराच्या खोलीत कूलर कधीच नको. एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या यंत्राच्या, तुषारांत ती दमट हवा फिरवत ठेवणं बरं नाही.

आता पाणी. इथे जरा थांबतो, कारण आपल्या भागात दवाखाना हिरवा आहे की नाही हे इथेच ठरतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला प्रत्येकी ५०,००० लिटरचे दहा टँकर होते. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आणि ते धरण तुमच्या केज तालुक्यातच, धनेगावला आहे. त्या उन्हाळ्यात मी ड्रमवर पाणी विकत घ्यायचो. पैसे मोजून पाणी आलं तसा मी पहिल्यांदा नीट बघायला लागलो की ते जातंय कुठं.

एका दुपारी खुर्चीच्या थुंकीच्या भांड्याचा पाइप काढून खाली पंधरा लिटरची बादली लावली. पेशंट होता रूट कॅनलचा. भांड्यात कडेने फिरणारी ती करंगळीएवढी धार आपल्याला दिसतसुद्धा नाही, सवय झालेली असते. माझी सहायक दर पाच मिनिटांनी वाकून बघत होती. सोळाव्या मिनिटाला ती म्हणाली, "सर, भरली." पेशंट त्या वेळात दोनदाच थुंकला होता. मिनिटाला जवळपास एक लिटर. दिवसाला वीस पेशंट आणि प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर ४०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम, नुसते भांडं ओलं ठेवायला. एका घराचं दिवसाचं पाणी त्यात निघालं असतं.

उपाय अगदी साधा निघाला. खुर्ची घेताना भांड्याच्या धारेला टायमर आहे का विचारा. जुनी खुर्ची असेल तर चांगला मेकॅनिक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी चावी) आणि बटण बसवून देतो, बटण दाबलं की धार काही सेकंद येते आणि आपोआप थांबते. त्याहून महत्त्वाचं, सहायकाला सक्शन, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणारी नळी, नीट धरायला शिकवा. तोंडात पाणी साचलंच नाही तर पेशंट उठून थुंकायला मागत नाही. तंबाखूवाल्यांना थुंकायची सवय असते, ते तरीही उठतात. त्यांना उठू द्या.

हात धुणं हा दुसरा ड्रम. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि तेवढा वेळ नळ चालू असतो. नळ कोपराने किंवा पायाने चालणारा घ्या, तोंडाला जाळी लावा. हातावर रक्त किंवा घाण दिसत नसेल तर दोन पेशंटच्या मधे अल्कोहोलचा हँडरब २० ते ३० सेकंद चोळला की पुरतं, पाणी लागतच नाही. ह्यात स्वच्छतेशी कुठेही तडजोड नाही, नियमच तसा आहे.

बोअरचं पाणी थेट खुर्चीला जोडू नका. आपल्या पाण्यात क्षार इतके की वर्षभरात एअरोटरची भोकं बुजतात, ऑटोक्लेव्हच्या तळाला पांढरा थर धरतो आणि दहा वर्षं चालायची वस्तू चार वर्षांत भंगारात जाते. खुर्चीला स्वतंत्र बाटली असते, तिच्यात शुद्ध पाणी भरा, रोज संध्याकाळी रिकामी करून वाळवा आणि प्रत्येक पेशंटनंतर एअरोटर २०-३० सेकंद नुसता फिरवून नळ्या धुवा. नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो, तो पाणी वाचवण्याच्या नादात विसरायचा नाही. आरओ घेतलात तर त्याचं वाया जाणारं पाणी पिंपात धरा. एका लिटरमागे दोन-तीन लिटर सहज निघतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते उत्तम. झाडाला रोज घालू नका, क्षाराने माती खारट होते.

कागदी कपांबद्दल माझं मत बदलत आलंय. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ना धड कुजतो ना रद्दीवाला घेतो. मी स्टीलची चाळीस फुलपात्रं आणली, धुऊन ऑटोक्लेव्ह करून ठेवतो. लोकांना ती आवडतात, घरच्यासारखं वाटतं. पण धुवायला पाणी लागतंच. म्हणून ज्या वर्षी मे महिन्यात टँकर लागतो त्या वर्षी मी पाऊस पडेपर्यंत मुकाट कागदी कपांवर येतो. पुण्या-मुंबईच्या हिरव्या याद्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत त्या अशा. कापडी गाउन, कापडी टॉवेल ह्यांचंही तेच, धुलाईचं पाणी मोजूनच ठरवा.

छत कोणाच्या ताब्यात आहे तेही विचारून घ्या. १०० चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर साठ हजार लिटर होतात. थोडं उडून, सांडून गेलं तरी पंचेचाळीस हजारांच्या वर हाती लागतं. माळवदावरचं पाणी मातकट असतं, ते गाळून बोअरला पाजा. मागे आरसीसीची खोली असेल तर तिचं पाणी टाकीत धरा.

आता भीती. दातांच्या दवाखान्याची भीती कान आणि नाकातून आत शिरते, डोळ्याचा नंबर नंतर लागतो. लाकडी पॅनेलिंग बघून कोणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. कंप्रेसर मात्र अचानक घर्रर करून सुरू झाला की बाकावरची सगळी माणसं एकदम दचकतात. तो मागच्या अंगणात, सावलीत, जाळीच्या खोलीत ठेवा. थंड हवा ओढल्याने त्याचं आयुष्यही वाढतं. रोज त्याच्या टाकीतलं पाणी सोडा. घ्यायचा तो बिनतेलाचा. वासाचं म्हणाल तर लवंगेच्या तेलाचा तो वास आला की लहानपणी दाढ काढलेली माणसं चाळिशीतही दारातून मागं फिरतात. बाटल्या घट्ट झाकून ठेवा, समोरासमोर खिडक्या उघड्या ठेवा, रंग उग्र वासाचा लावू नका. वेटिंगच्या दगडी भिंतींना चुनाच द्या, दगडाला श्वास घेता येतो. खुर्चीच्या खोलीत मात्र पुसता येणारा रंग हवा. रूम फ्रेशनर नको, त्यात लवंगेचा वास मिसळून काहीतरी तिसराच वास तयार होतो.

ओटा ही तुमची सगळ्यात मोठी मिळकत आहे. खेड्यातून आलेला माणूस काचेचं दार ढकलायला बिचकतो. चप्पल कुठं काढायची, आत कोण असेल, किती पैसे मागतील, सगळं त्या दारापाशी साचतं. ओट्यावर तो टेकतो, आतून कोण हसत बाहेर येतंय कोण गाल धरून येतंय ते बघतो आणि मग स्वतःहून उठतो. ओट्यावर एक माठ, ओगराळं, दोन पेले. बाजारच्या दिवशी पिशव्या ठेवायला लाकडी फळी, कारण मेथीची जुडी आणि तेलाचा डबा घेऊन कोणी खुर्चीवर बसत नाही, आणि बाहेर ठेवला तर अर्धं लक्ष डब्यात असतं. मी ही फळी पाचशे रुपयांत करून घेतली. दवाखान्यात केलेल्या कुठल्याही खर्चाचं इतकं कौतुक झालं नाही. "चप्पल घालून या" अशी मोठी पाटी लावा. मे महिन्यात तापलेल्या ओट्यावर अनवाणी उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती काही बोलत नाहीत.

पाट्या मराठीत ठेवाच, पण केज-अंबाजोगाईला उर्दू वाचणाराही मोठा वर्ग आहे, त्याच पाटीवर त्यांची एक ओळ येऊ द्या. ढोबळ दर दर्शनी भागात लिहा: तपासणी, दाढ काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनल. पैशांची भीती सुईइतकीच मोठी असते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. बुरख्यातली किंवा डोक्यावर पदर घेतलेली बाई असेल तर बाई सहायक जवळ उभी हवी. हे तुम्हाला मला सांगायला नको, तुम्ही बाई आहात हाच निम्मा स्वागतकक्ष आहे.

एक गोष्ट कोणी शिकवत नाही. पिवळे-तपकिरी दात दिसले की तोंडातून "घासत नाही का?" निघतं. ते गिळा. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर दीड. लहानपणी दात तयार होत असताना जास्तीचं फ्लोराइड पोटात गेलं की ते डाग मुळातूनच येतात, घासून जात नाहीत. मिश्री लावणाऱ्या बाया तर आधीच ओशाळलेल्या असतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो खाऊन तोंड तीन बोटंही न उघडणारी पोरं रोज येतात. त्यांना पहिल्याच दिवशी झापलं तर ती पुन्हा येत नाहीत, आणि त्यांचं येत राहणंच महत्त्वाचं असतं, कारण तिथे नजर कर्करोगावर ठेवायची असते.

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मताला जागा नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे काढलेले दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, बिनसुईच्या सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, झिजलेले बर (दात कोरायची टोकं) पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काच निळ्या डब्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या गाडीचा करार दवाखाना उघडण्याआधी हातात हवा. तुमच्या गल्लीपर्यंत गाडी येते का हे जागा बघतानाच विचारा. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याकडच्या पोराने सुटीच्या दिवशी गाडी आली नाही म्हणून मागच्या उकिरड्यावर हातमोजे पेटवले होते. धूर शेजारच्या वाळवणावर गेला, सांडगे पापड सगळे काळे झाले आणि शेजारणीने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. तिचं बरोबर होतं.

चांदी भरायची सुरुवातच करू नका. त्या मिश्रणात जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ चा, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२२ मध्ये त्यात पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी चांदी टाळायची असं आणखी स्पष्ट झालं. पण लोकांच्या तोंडात जुनी चांदी आहेच. ती काढताना भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन ठेवा. इथे पाणी वाचवू नका. निघालेला चुरा घट्ट झाकणाच्या बाटलीत जमवा, बेसिनमध्ये झटकू नका. चांदी भरलेला काढलेला दात इतर दातांबरोबर पिवळ्या पिशवीत घालू नका, तो जाळला की पारा हवेत जातो. एक्स-रेला फिल्मऐवजी आरव्हीजी, म्हणजे चित्र थेट कॉम्प्युटरवर दाखवणारा सेन्सर, घ्या, म्हणजे फिक्सरचं चांदीयुक्त पाणी आणि शिशाच्या पट्ट्या हा सगळा उपद्व्यापच जातो. एक्स-रे मशिनची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) त्यांच्या ई-लोरा संकेतस्थळावर नोंदणी करायला विसरू नका.

विजेचं: ऑटोक्लेव्ह हा घरातला सगळ्यात मोठा खादाड, दीड-दोन किलोवॉटचा. तो अर्धा रिकामा फिरवू नका, पण कोंबूही नका, वाफ शिरली नाही तर १२१ अंश आणि १५ पौंडांचा दाब नुसता काट्यावर दिसतो. त्यासाठी हत्यारांचे जास्तीचे संच घ्या, म्हणजे एका संचासाठी घाई होत नाही. सोलरचं तीन किलोवॉट पुरतं. तीनशे चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी बारा युनिट मिळतात आणि आपली ओपीडी उन्हातच चालते हे जुळून येतं. पॅनेल माळवदावर चढवू नका, मागच्या आरसीसीवरच. सूर्यघर योजनेची सबसिडी घरगुती जोडणीलाच आहे, तेव्हा कोणी विक्रेता दवाखान्यासाठी ती कापून दर सांगत असेल तर सावध राहा.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. इंग्लंडमध्ये सरकारी दंतसेवेचा कार्बनचा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. त्यात हातमोजे, वीज, प्लास्टिक सगळं धरूनही जवळपास दोन तृतीयांश वाटा नुसत्या येण्या-जाण्याचा निघाला, पेशंटचा आणि कर्मचाऱ्यांचा. तिथलं आणि इथलं वाहन वेगळं आहे, आकडा इथे तसाच लावणार नाही. पण रोख बरोबर आहे. माझ्या पेशंटची एक फेरी म्हणजे चाळीस किलोमीटर एसटी, एक बुडालेला रोज, सोबत आलेल्या माणसाचा दुसरा रोज. फुलपात्रं आणि टायमर ह्यांनी वर्षभरात जे वाचतं त्याहून जास्त फेऱ्या कमी केल्याने वाचतं. आणि पेशंटला तुम्ही आपले वाटायला लागता तेही त्यानेच.

हे शिकायला मला एक दाढ घालवावी लागली. केजकडचीच एक ऊसतोड करणारी बाई, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे दोघांची मिळून एक जोडी. दसऱ्याच्या चार दिवस आधी आली, खालची दाढ ठणकत होती. मी रूट कॅनल सुरू केलं, तीन फेऱ्यांचं वेळापत्रक लिहून दिलं, वर तात्पुरतं सिमेंट. ती कागदाकडे बघून म्हणाली, "डाक्टर, काय करायचं ते आजच करून टाका. उचल घेतलीया, मुकादम थांबत नाही." मी नियम सांगितला. ती गेली कारखान्यावर. गुढीपाडव्यानंतर परत आली तेव्हा सिमेंट कधीच पडून गेलेलं आणि दाढ उभी चिरलेली. काढावी लागली. मला तिने एक शब्द सुनावला नाही, उलट पैसे किती झाले विचारलं.

त्यानंतर माझ्या केसपेपरवर नाव, गाव, वय ह्यांच्या खाली एक ओळ छापलेली आहे: "कारखान्यावर कधी जाणार?" सूज, पू नसेल तर रूट कॅनल एका बैठकीत होतं, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य आहे. त्यासाठी भाद्रपद-आश्विनात मी दुपारचे दोन तास मोकळे ठेवतो. कवळ्यांची मापं त्या दिवसांत घेत नाही, त्या पाडव्यानंतर. दुसरं, अपॉइंटमेंट घड्याळावर न देता एसटीवर द्या. शेवटच्या गाडीची वेळ रिसेप्शनवर लिहून ठेवा आणि लांबच्या पेशंटला आधी घ्या, गावातला माणूस उशिरापर्यंत थांबू शकतो. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, त्यामुळे त्या एकट्या येतात, पण अंधार पडल्यावर एकटीला स्टँडवर उभं राहायला लावणं बरं नाही. तिसरं, टाके बघायला, औषधाबद्दल विचारायला बोलावूच नका. फोटो मागवा, फोनवर बोला. चौथं, एकाच गावाच्या, एकाच घरच्या माणसांना एकाच दिवशी बोलवा. सासू आणि सून एकत्र आल्या की सुनेची तपासणीही होते, एरवी ती कधी येत नाही.

आणि जमेल तिथे तुम्हीच जा. जिल्हा परिषदेच्या शाळेत एक टेबल, हातातली हत्यारं, ग्लास आयनोमर सिमेंट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडची बाटली एवढ्यावर पोरांच्या लहान किडी थांबवता येतात. ना वीज, ना एअरोटर, ना पाण्याची धार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे सिमेंट आणि ही बाटली दोन्ही २०२१ पासून आहेत. सिल्व्हरने डाग काळा पडतो, तो आईला आधी दाखवून विचारा, नाहीतर गावभर "डॉक्टरनं पोराचा दात जाळला" होतं. चाळीस पोरं दवाखान्यात आणायची तर चाळीस जोड्या एसटीत बसतात. तुम्ही गेलात तर एक स्कूटर जाते.

काउंटरवर बांबूचे ब्रश विकायला ठेवायचे का, असंही तुम्ही विचारलंय. ठेवा, पण ते शोभेचं समजा. ज्याच्या आजोबाने जन्मभर बाभळीची काडी चावली त्याला दीडशे रुपयांचा बांबू विकताना मला तरी हसू येतं.

पैशांचा क्रम मी असा लावीन: इंजिनिअरची तपासणी, नळकाम आणि टाकी, चांगलं ऑटोक्लेव्ह आणि जास्तीचे संच, आरव्हीजी, बिनतेलाचा कंप्रेसर. खुर्ची एकच नवी घ्या, दुसरी चांगल्या स्थितीतली जुनी चालते. सोलर दुसऱ्या वर्षी. पॅनेलिंगचे पैसे वाचतील, त्यात माठ, फळी आणि बाक येऊन उरतील.

आणि वाडा घ्यायचं ठरलं तर भाडेकरारात ओटा तुमच्याकडे राहील हे शब्दांत लिहून घ्या. मी लिहून घेतलं नव्हतं. दोन वर्षांनी घरमालकाने माझ्या ओट्यावर झेरॉक्सचं मशिन आणून ठेवलं, आणि ते हलवायला मला आणखी तीन वर्षं लागली.